समुद्राकडच्या खोलीतला कॉम्प्युटर

सावर्डेकर दुपारच्या एसटीतून उतरले तेव्हा त्यांनी एक गोधडी छातीशी घट्ट धरली होती, आणि त्यांच्यामागून कंडक्टर चादरीत बांधलेलं दुसरं गाठोडं सांभाळत उतरत होता. पितृपक्ष चालू होता. गुहागरच्या स्टँडवर त्या वेळी दोन रिक्षा, एक झोपलेलं कुत्रं आणि मी, एवढीच हजेरी होती. मी पुढे होऊन विचारलं, खांबेट्यांकडेच ना? त्यांनी मान हलवली. गोधडी घ्यायला मी हात पुढे केला, पण त्यांनी काही ती दिली नाही.

"ताई, वाटेत खड्डे किती आहेत, तेवढं फक्त सांगा," ते म्हणाले.

गोधडीत कॉम्प्युटर होता. चिपळुणात आपल्या हातानं एकेक भाग जुळवून त्यांनी तो तयार केला होता. त्याचा प्रतिस्पर्धी आदल्याच दिवशी येऊन दाखल झाला होता, तो मात्र जीपमधून, थर्माकोल घातलेल्या तीन खोक्यांत. रत्नागिरीच्या एजन्सीचे टाय लावलेले दोघे जण तो घेऊन आले होते. खांबेट्यांच्या पडवीत त्यांनी पाय ठेवण्याआधी रुमालानं बूट पुसले आणि प्यायला उकळलेलं पाणी आहे का, असं विचारलं. द्वारकाकाकूंना ते फारसं आवडलं नाही.

खांबेट्यांचं घर म्हणजे खांबेटे पंचांग. अप्पा खांबेट्यांच्या वडिलांनी ते सुरू केलं, आणि आमच्या सगळ्या किनाऱ्यावर घरोघर भिंतीच्या खिळ्याला तेच लटकत असे. बाळाची पत्रिका असो की होडी पाण्यात घालायची असो, आधी त्याला विचारायचं. छपाई चिपळूणला व्हायची, पण गणित व्हायचं गुहागरात, माडांमागच्या त्या कौलारू घरातल्या दोन खोल्यांत. रस्त्याकडच्या खोलीत अप्पा आणि समुद्राकडच्या खोलीत काकू. दोघं नवरा-बायको एकच कोष्टकं घेऊन एकाच महिन्याच्या तिथी वेगवेगळ्या काढत आणि दिवसभर त्याबद्दल एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत. दिवेलागणीला पडवीत पडताळा व्हायचा. काकू आपला आकडा वाचत, अप्पा आपल्या कागदावर बोट ठेवून म्हणत, "मिळालं." जिथे मिळत नसे तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही पुन्हा गणित मांडत, आणि ज्याचं चुकलं असेल तो लाल शाईनं आपला आकडा खोडत असे. पंचांगाच्या वेष्टनावर मात्र नाव एकच होतं, अप्पांचं.

गणित पुढच्या वर्षाचं, त्यामुळे त्या घरात नेहमी पुढचंच वर्ष चालू असे. बाहेर श्रावण लागलेला असावा आणि आत पुढच्या सालातली होळी पेटून विझलेली असावी. मी शेजारच्या बिवलकरांची मुलगी. शाळा सुटली की दप्तरासकट तिथेच जायची. काकू विचारत, "काय गो वृंदा, दिवाळीला फटाके उडवलेस की नाही?" आणि दिवाळीला अजून तीन महिने असत. मला ते फार आवडायचं. जे आपल्याला अजून व्हायचंय ते इथे होऊन गेलंय आणि सगळं ठीक झालंय, असं वाटायचं. दुपारी पाण्यावरचं ऊन खिडकीतून वर येऊन छतावर हलत राही, काकू बोटांच्या पेरांवर चंद्राची गती मोजत नुसते ओठ हलवत, आणि लाटांचा आवाज कुठे संपला नि त्यांचं पुटपुटणं कुठे सुरू झालं हे कळेनासं होई. मग मी तिथेच, त्यांच्या पायाशी झोपून जायची.

मी सांगतेय ते शहाण्णव सालचं. मी तेवीस वर्षांची होते, पुण्याहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून परतलेली आणि घरच्यांच्या मते लग्न ठरेपर्यंत रिकामी. त्या उन्हाळ्यात अप्पांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ते काही नीट साधलं नाही, आणि दुसरा डोळा भिंगाशिवाय आकडा ओळखेना. तीनाचा आठ व्हायचा. दोन हातांशिवाय पंचांग करायचं नाही हा घरचा नियम, आणि आता हात उरला होता एकच, काकूंचा. म्हणून यंत्र आणायचं ठरलं. मी पावसाळाभर अप्पांच्या समोर बसून त्यांची कोष्टकं समजून घेतली आणि आठवड्यातून दोनदा चिपळूणच्या क्लासला जाऊन त्यांचा प्रोग्राम लिहिला. सगळं गणित एका फ्लॉपीत मावलं तेव्हा अप्पांनी ती हातात घेऊन कितीतरी वेळ उलटसुलट केली.

मग प्रश्न आला, यंत्र कुठलं. कंपनीचं की जुळवलेलं. त्या वर्षांत कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की याच प्रश्नावर घरोघर खल चालायचा. आमच्या गावात तर स्वतः कॉम्प्युटर न पाहिलेली माणसंही त्यावर ठाम मत देत. पितृपंधरवड्यात नवी वस्तू घेत नाहीत, पण पारखायला हरकत कसली, असं म्हणून अप्पांनी दोन्हीकडून एकेक यंत्र आठ दिवसांसाठी मागवलं. जे पसंत पडेल ते दसऱ्याला घ्यायचं. आणि पारख कशी करायची, तर घरच्या रीतीनं. कंपनीचं रस्त्याकडच्या खोलीत, चिपळूणचं समुद्राकडच्या खोलीत. दोघांनी पुढचा कार्तिक काढायचा, काकूंनी तोच हातानं काढायचा, आणि संध्याकाळी पडताळा.

मला हसू आवरेना. मी म्हटलं, "अप्पा, दोन्हीकडे फ्लॉपी एकच घालणार. उत्तर वेगळं येईलच कसं?"

"आम्ही दोघंही कोष्टक एकच घेतो. तरी येतं," अप्पा म्हणाले.

काकू दारात उभ्या राहून पदराला हात पुसत होत्या. त्यांनी विचारलं, "कधीच नाही येणार वेगळं?"

मी ऐटीत समजावलं, की यंत्र बंद पडेल, अडून बसेल, ते निराळं. पण चालू असेल तर दोघंही तेच सांगणार. काकूंनी मान डोलावली आणि त्या आत गेल्या.

सावर्डेकर वायरी जोडत होते तेव्हा काकूंनी मला खिडकीशी बोलावलं. बाहेर ओहोटी होती, वाळू दूरपर्यंत ओली चमकत होती. त्या हळूच म्हणाल्या, "एक हात यंत्राचा झाला. दुसरा अजून माझा आहे. उद्या ह्यांना वाटलं, दुसराही यंत्राचाच करू, तर ही खोली कशाला हवी गो?"

मी म्हटलं, असं कोण करतंय.

"मला दुसरं काही येत नाही. स्वयंपाकसुद्धा यथातथाच करते, तू जेवली आहेस." त्या हसल्या, पण त्यांचा हात माझ्या मनगटावर तसाच होता. "एवढं टेबल राहू दे म्हणावं, मी आहे तोवर."

मी त्यांना वचन दिलं. माझ्या हातात काय होतं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

ते आठ दिवस आठवले की अजूनही मला झोपेत चालल्यासारखं वाटतं. घर आधीच पुढच्या वर्षात, त्यात दोन खोल्यांत दोन पडदे उजळलेले, एक दुधाळ आणि एक जरा हिरवट, आणि दोन्हींवर चंद्र आकड्यांतून सरकतोय. मी एका वहीत उभी रेघ मारून डावीकडे कंपनीचं आणि उजवीकडे चिपळूणचं लिहायला घेतलं होतं. कंपनीचं यंत्र नखशिखान्त एका रंगाचं होतं, त्याचा पंखा ऐकू येत नसे, कळा मऊ होत्या, दिवे कितीही वर-खाली झाले तरी ते हूं की चूं करत नसे. सावर्डेकरांच्या यंत्राचा पेटारा एकीकडचा, पडदा दुसरीकडचा, कळफलक तिसरीकडचा. त्याची एक बाजू सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून आवळलेली होती. वाडीत पंप सुरू झाला की त्याचा पडदा थरथरायचा, आणि दोनदा तर मधेच बंद पडून ते पहिल्यापासून सुरू झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते उठायलाच तयार होईना.

फोन केला. दुपारच्या एसटीनं सावर्डेकर हजर. त्यांनी ट्यूबची पट्टी सोडली, आतली एक लांबट पट्टी उपसली, खिशातून शाळेतल्या मुलांचा खोडरबर काढला आणि पट्टीची सोनेरी कड हलक्या हातानं घासली. पट्टी परत बसवल्याबरोबर यंत्र सुरू झालं. "खारं वारं आहे. महिन्यातून एकदा एवढं करत जा," ते म्हणाले आणि मला शिकवलंही. काकू तोंडाला पदर लावून हे सगळं पाहत होत्या. त्यांनी त्या माणसाला कोकम सरबत दिलं, मग आग्रह करून आणखी एक पेला दिला. उलट कंपनीच्या यंत्रावर एक चिकटपट्टी होती, ती उघडली तर गॅरंटी गेली. बिघडलं तर काय, असं मी एजन्सीला विचारलं होतं. इंजिनियर मुंबईहून येईल, आठ-पंधरा दिवस धरा, असं उत्तर मिळालं. हेही मी वहीत लिहिलं. पण खरं सांगते, माझं मन पहिल्याच दिवशी ठरलं होतं. मला त्या दुधाळ यंत्रासमोर बसायचं होतं. पुढे वहीत काहीही लिहिलं, तरी कौल त्यालाच होता.

सहाव्या दिवशी कार्तिक वद्याचा पडताळा होता. अप्पा झोपाळ्यावर, हातात चिपळूणच्या यंत्राचा कागद आणि भिंग. माझ्या हातात कंपनीचा कागद. काकू पायरीवर, मांडीवर त्यांची जाड वही. समुद्राचा रंग उतरत चालला होता.

"षष्ठी, दुपारी तीन चौदा," काकूंनी वाचलं.

"मिळालं," अप्पा म्हणाले. मीही म्हणाले.

"सप्तमी, एक दोन."

"मिळालं."

"अष्टमी, अकरा अडतीस."

माझ्या कागदावर अकरा एकवीस होते. मी पुन्हा पाहिलं. अप्पांनी भिंग कागदावर धरलं, उचललं, परत धरलं. झोपाळा थांबला होता. सतरा मिनिटं म्हणजे थोडी नव्हेत, तेवढ्यानं एखादी एकादशी सूर्योदय चुकवून दुसऱ्या दिवसावर जाते आणि सगळा किनारा भलत्या दिवशी उपास करतो.

"हे चुकलं. चिपळूणचं," अप्पा म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे वळून विचारलं, "आणि कंपनीचं?"

मी तोंड उघडलं. अप्पा भिंगावरून माझ्याकडे पाहत होते. ज्या डोळ्याला नीट दिसत नव्हतं त्याच डोळ्यानं. ती नजर मला अजून दिसते. दटावणी नव्हती तिच्यात, विनवणी होती, आणि अप्पांना कुणाची विनवणी करताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"मिळालं," मी म्हणाले.

त्याच वद्याच्या पुढच्या तिथींत असं आणखी दोनदा झालं. दोन्ही वेळा चिपळूणचं चुकलं आणि कंपनीचं मिळालं. काकूंनी वही मिटली, आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवून त्या क्षणभर तशाच वाकून उभ्या राहिल्या.

सकाळी मी दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले. अक्षराला अक्षर चिकटलं. वाडीत अप्पा पडलेल्या सुपाऱ्या वेचत होते, तिथे जाऊन मी त्यांना सांगितलं, की यंत्रं दोन्ही बरोबर आहेत, चूक काकूंच्या गणितात आहे. अप्पांनी एक सुपारी चाचपून टोपलीत टाकली. "ठाऊक आहे," एवढंच ते म्हणाले, आणि मग वहीत काय लिहिलंस ते वाच, असं म्हणाले. मी सगळं वाचलं. कंपनीचं महाग पडतं पण घ्यायचं तर तेच, असा शेवट केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

आणि दसऱ्याच्या दिवशी त्यांनी चिपळूणचं यंत्र घेतलं.

मी तर चाटच पडले. आपल्याच तोंडानं चुकलं म्हणून सांगितलं, तेच घेतलं. त्यावर हळदकुंकू वाहताना अप्पा काकूंना म्हणत होते, "जवळचं माणूस आहे, बोलावलं की येतो. आणि चुकलं तर चुकलं, तू आहेस की बघायला." काकूंनी आपट्याचं पान पडद्यापुढे ठेवलं, यंत्राकडे पाहिलं आणि मग अप्पांकडे पाहिलं. "आहे की," त्या म्हणाल्या. रत्नागिरीचे दोघे आपलं यंत्र परत खोक्यांत भरून घेऊन गेले. जाता जाता त्यांच्यातला एक जण मला म्हणाला, की म्हाताऱ्यांचं वय झालंय. मला ते पटलं. मी रुसले आणि दोन दिवस खांबेट्यांकडे फिरकलेच नाही.

तिसऱ्या दिवशी काठी टेकत अप्पाच आमच्या अंगणात आले. "चल गो जरा," म्हणाले. आम्ही सुरूच्या झाडांतून किनाऱ्यावर गेलो. दुपार टळली होती. भरती लागत होती आणि पाणी आवाज न करता पुढे येत होतं.

"तीन वर्षं झाली," अप्पा म्हणाले. "पहिल्यांदा महिन्यात एखादी चूक. पुढच्या दिवसाची गती आजच्या ओळीत धरायची. मग दोन, मग चार. मी पहाटे उठून तिचे कागद पुन्हा करत होतो, आणि संध्याकाळी मिळालं म्हणत होतो. आता डोळेच नाहीत."

मी म्हटलं, काकूंना सांगा ना मग.

"काय सांगू? सोळा वर्षांची असताना घरात आली. दुसऱ्या महिन्यात तिनं माझ्या बाबांची चूक काढली, बाबांची. तेव्हापासून ती खोली तिची आहे. तिला जाऊन सांगू, की आता ऊठ?"

त्यांचा आवाज बिघडला. वाळूकडे पाहतच मी विचारलं, की मग कंपनीचंच का नाही घेतलंत, आकडा तर तोच येणार होता.

"आकडा तोच येतो गो. पण ते चुकलं म्हणून मी सांगितलं, तर कोण मानेल? टायवाली माणसं, सीलबंद खोकी. तिलाही पटणार नाही, लगेच म्हणेल, माझंच काहीतरी झालं. चिपळूणचं यंत्र गोधडीतून आलंय, ट्यूबनं बांधलंय. ते चुकलं म्हटलं की सगळं गाव मान डोलावेल. आणि ज्याचा भरवसा नाही, त्याच्यावर नजर ठेवायला माणूस लागतंच ना? तिची खोली तिची राहील." ते थांबले. "सावर्डेकरावर अन्याय आहे, कळतं मला. तो मी करतोय. तू फक्त छापखान्यात यंत्राचा आकडा देत जा. आणि संध्याकाळी गप्प बस."

मी हो म्हणाले. तेवीस वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाचं रडणं पाहवत नाही, हेही त्याचं एक कारण असेल.

पुढची चार वर्षं मी गप्प बसले. यंत्र समुद्राकडच्या खोलीत, काकूंच्या टेबलाला टेबल लावून ठेवलं होतं. सकाळभर त्या आपला आकडा काढत, मग चष्मा कपाळावर चढवून यंत्राचा कागद तपासत आणि चुकांवर लाल खूण करत. संध्याकाळी अप्पा म्हणत, "आज पुन्हा चुकलं हे," आणि काकू पडवीतूनच यंत्राला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत, "सवय होईल त्याला हळूहळू." दुसऱ्या दिवशी मी यंत्राचा कागद, एकही आकडा न बदलता, चिपळूणला छापखान्यात देऊन येई. पहिल्या वर्षीचं छापून आलं तेव्हा काकू पानांवरून बोट फिरवत कार्तिकापर्यंत गेल्या आणि थांबल्या. अप्पा खांबाला धरून उभे होते. "शाई बरी लागलीये या खेपेला," असं म्हणून त्यांनी पंचांग मिटलं.

यंत्र चार वर्षांत एकदाही चुकलं नाही. गावात मात्र त्याची चांगलीच ख्याती झाली. पतपेढीनं कॉम्प्युटर घेतला तो कंपनीचा, शाळेनं घेतला तोही कंपनीचा, का, तर खांबेट्यांकडचं चिपळूणचं यंत्र चुकतं. सावर्डेकरांचं एकही यंत्र गुहागरात विकलं गेलं नाही. तरी तो माणूस दर दोन महिन्यांनी एसटीनं यायचा, ट्यूबची पट्टी सोडायचा, खोडरबरानं पट्ट्या घासायचा आणि निघताना मला न चुकता विचारायचा, "ताई, कुठे चुकतं तेवढं दाखवा ना. मी दुरुस्त करतो." मी काय दाखवणार? कधीकधी चुकतं, असं काहीतरी बोलायची आणि त्यांच्या चपलांकडे पाहत राहायची. मला त्या प्रश्नाची इतकी धास्ती बसली, की ते येणार असले की मी काहीतरी निमित्त काढून घरी जायची. काकू त्यांना बसवून घ्यायच्या आणि सरबत द्यायच्या. दोघं काय बोलत कोण जाणे.

शेवटच्या वर्षी काकूंची गणितं कोष्टकांतून सुटून कुठेही जाऊ लागली. एका महिन्यात पस्तीस तिथी यायच्या. एकदा त्यांनी चंद्राला पान भरून नुसतं चालतच ठेवलं. अप्पा तो कागद पुढ्यात घेऊन, भिंगानं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन म्हणाले, "सगळंच चुकलंय आज यंत्राचं." छतावर ऊन हलत होतं. काकू शांत दिसल्या. त्यानंतरच्या माघात त्या गेल्या, दुपारी, टेबलाशी बसल्या बसल्या. त्यांच्यामागून वर्षभरात अप्पाही गेले आणि पंचांग बंद पडलं. माझं लग्न झालं, मी कोल्हापूरला गेले.

कित्येक वर्षांनी मुलीला कॉलेजसाठी कॉम्प्युटर हवा होता तेव्हा माहेरी आलेली मी मुद्दाम चिपळूणला उतरले. सावर्डेकरांचं दुकान आता बाजारपेठेत होतं, बरंच मोठं. ते पांढरे झाले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं. मला मात्र काउंटरपर्यंत जायला बळ येईना, कारण काही झालं तरी आज त्यांना खरं सांगायचं, असं घोकत मी आले होते. मी बोलायला सुरुवात केली आणि माझी नजर त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर गेली. काचेच्या चौकटीत एक कागद होता. वाचण्याआधी मी अक्षर ओळखलं.

"रा. रा. उमाकांत सावर्डेकर यांस द्वारका खांबेटे हिचा नमस्कार. वि. वि. तुमचं यंत्र चुकतं असं आमच्या घरून बोललं जाईल. ते खरं नाही. एकच गणित दोन यंत्रांत घातलं तर उत्तर एकच येतं, असं शेजारच्या वृंदानं सांगितलं होतं. मग एक मिळालं आणि एक चुकलं, असं व्हायचं नाही. तेव्हा चुकले ती मी. ह्यांना ते मला कळू द्यायचं नाही, आणि मला कळलंय हे मला ह्यांना कळू द्यायचं नाही. यात तुमचं नुकसान आहे. आम्ही दोघं असेतो सोसावं, मागाहून हा कागद दुकानात लावावा. यंत्र चोख आहे. मी स्वतः तपासलं आहे. द्वारका गंगाधर खांबेटे, खांबेटे पंचांग, गुहागर. आश्विन शुद्ध एकादशी, शके १९१८."

दसऱ्यानंतरचा दिवस. म्हणजे मी घरी रुसून बसले होते तेव्हा.

मला भिंतीवरचं पुढचं काही दिसेना. सावर्डेकरांनी स्टूल पुढे केलं, मी बसले, त्यांनी पाणी दिलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून तुम्हाला ठाऊक होतं, असं मी कसंबसं विचारलं. ते हो म्हणाले.

"मग दर वेळी मला का विचारायचात, कुठे चुकतं म्हणून? चार वर्षं मला झोप नव्हती त्या प्रश्नानं."

सावर्डेकर ओशाळले. काउंटरवर नसलेली धूळ त्यांनी हातानं पुसली.

"काकूंनीच सांगून ठेवलं होतं, ताई. विचारत जा म्हणाल्या. नाही विचारलंत, तर पोरीला संशय येईल, आणि ती ह्यांच्यासमोर रडेल."